पराते बाईंची जप्त ताटं

पराते बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका माणसाला मारत होत्या. कानाखाली, उजव्या हाताने, तीन वेळा. माझ्या लेखी जबाबात मी आधी दोन चापटा लिहिल्या होत्या. तिसरी बाईंनीच मला सांगितली आणि मी जबाब दुरुस्त केला. ते पुढे सांगतो.

धंतोलीतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. खाली रक्त तपासणारी लॅब, वर हाडांचा दवाखाना आणि मध्ये हे केंद्र. इथे जोखमीच्या बाळांचे कान तपासत आणि ज्यांचे कान कमी पडत त्यांना पुढे बोलायला शिकवत. जोखमीची बाळं म्हणजे कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मल्यावर न रडलेली, कावीळ डोक्यापर्यंत चढलेली, काचेच्या पेटीत फार दिवस राहिलेली. आमची ऋचा यातल्या तीन प्रकारांत बसत होती. तिसाव्या आठवड्यातला जन्म, वजन अकराशे ऐंशी ग्रॅम, पेटीत अडतीस दिवस. मी वीजमीटर तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, त्यामुळे आकडे माझ्या डोक्यात राहतात. लग्नाच्या नवव्या वर्षी झालेल्या मुलीचे तर राहणारच.

त्या दिवशी आमच्या आधी कुहीकडचं एक जोडपं बसलं होतं. नवरा गजानन, तिशीचा, काटक, धानाची शेती. बायको वंदना. मुलगा आर्यन, दोन वर्षं दहा महिन्यांचा. डोक्याला तारा चिकटवून करायची तपासणी मूल झोपल्याशिवाय होत नाही, म्हणून त्याला झोपेचं औषध पाजलं होतं. झोपायचं सोडून ते पोर खुर्च्यांना धरून फिरत होतं. गजाननने हाक मारली, "आर्यन, इकडे ये." मग पुन्हा. मग पुन्हा. पोराची पाठ बापाकडे, लक्ष जमिनीवरच्या फरशीच्या नक्षीत. चौथ्या वेळी गजानन उठला आणि त्याने पूर्ण पंजा उघडून पोराच्या कानावर मारला. पोर खुर्चीच्या पायावर आपटलं. त्याचं रडणं मला आजही आठवतं. एकाच पट्टीत, चढ नाही, उतार नाही, एखादं यंत्र अडकावं तसं.

आतलं दार उघडलं. बाई ठेंगण्या, रुंद, पन्नाशीला आलेल्या. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या. गजाननची पाठ त्यांच्याकडे होती. मागून ओरडणं सोपं होतं. त्या तशा ओरडल्या नाहीत. खुर्च्यांची अख्खी रांग वळसा घालून त्याच्या समोर गेल्या, तोंडासमोर तोंड आणलं आणि मग मारलं.

"कानावर मारतं काय बे? कानावर? जो कान दाखवाले आणला त्याच कानावर?"

गजाननने त्यांना ढकललं. भिंतीवर आग विझवायच्या नळकांड्याची लोखंडी पेटी होती, तिच्यावर त्यांचं डोकं आपटलं. मग त्याने खुर्ची उचलून तपासणीच्या खोलीच्या काचेवर फेकली. दुहेरी काच होती, बाहेरची फुटली. "माह्या पोराले मी काही बी करीन," तो ओरडत होता, "आयकू येते त्याले. घरी तपासलं आम्ही. जिद्द करते ते, जिद्द!" औषधाने आता कुठे पेंगायला लागलेलं पोर त्याने खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला. वंदना मागे धावली. जिन्याच्या वळणावर तिची एक चप्पल राहिली.

बाई जमिनीवर बसून होत्या. डोक्याला लावलेला रुमाल लाल होत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं दहा महिने. आणि गेलं हातचं." मग माझ्याकडे पाहिलं. "पुढचा नंबर तुमचा ना? चला."

आता माझी चूक सांगतो. दवाखान्यातून सोडताना ऋचाची कानाची पहिली तपासणी नीट आली नव्हती. महिनाभरात पुन्हा करा, असं कागदावर लिहून दिलं होतं. मी घरी स्वतःच तपासणी केली. आमच्याकडे सगळे करतात तीच: मुलाच्या मागे ताट वाजवायचं. इतर लोक एकदोनदा वाजवतात, मी पन्नास वेळा वाजवलं. पाच दिवस, रोज दहा. वहीत रकाने आखले. दचकली, मान हलली, काही नाही. पन्नासातून त्रेचाळीस वेळा मुलगी दचकली होती. मी निर्धास्त झालो. सुषमा, माझी बायको, रोज म्हणायची की हिला एकदा दाखवून आणू. मी तिला वही दाखवायचो. असे तीन महिने गेले.

ती वही मी बाईंसमोर ठेवली. त्यांनी सगळी पानं उलटली.

"ताट कशावर वाजवलं?"

"पलंगाच्या कठड्यावर टेकवून. हातात धरलं की आवाज दबतो."

"आणि पोरगी?"

"पलंगावर झोपलेली."

"म्हणजे पलंगाले आयकू येते," बाई म्हणाल्या. "शंभरातून शहाऐंशी वेळा." आणि वही माझ्या छातीवर फेकून मारली. "तुम्ही कुठं कामाले आहात?"

मी सांगितलं.

"मीटर असंच तपासता काय हो?"

मग टेबलावर मूठ आपटत त्यांनी मला ते ऐकवलं, जे मी पुढे निदान शंभर आईबापांना ऐकवताना पाहिलं. "एक महिन्यात तपास," मूठ. "तीन महिन्यात निदान," मूठ. "सहा महिन्यात मशीन कानात," मूठ. "तुमची पोरगी किती? साडेचार. तुम्ही वही आखून राहिले होते!"

सुषमा माझ्याकडे पाहत नव्हती. मला त्या दिवशी बाईंनी मारलं नाही. मारायला हवं होतं असं मला अधूनमधून वाटतं.

ऋचाच्या दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. मशीन लागली तेव्हा ती पाच महिने एकोणीस दिवसांची होती. अकरा दिवस राखून.

*

आमचं ताट बाईंनी परत दिलं नाही. मी ते पुराव्यासाठी पिशवीतून नेलं होतं. त्यांनी ते लोखंडी कपाटात टाकलं आणि कुलूप घातलं. आत आधीची सतरा होती. विदर्भभरातून येणारे लोक ताट घेऊन येत आणि बाईंसमोर वाजवून दाखवू पाहत. बाई ते हिसकावून घेत. प्रत्येकावर नाव कोरलेलं. कुणाचं लग्नातलं, कुणाचं बारशातलं, कुणा मामाकडून सप्रेम भेट. आमच्या ताटावर सुषमाच्या माहेरचं आडनाव होतं.

"परत द्या ना, सेट मोडला," मी एकदा म्हणालो.

"ताट घरी गेलं की पुन्हा वाजवान. माह्याकडंच राहू द्या. तुम्ही पत्रावळीवर जेवा."

केंद्रातल्या कचऱ्याच्या डब्यांना जमिनीपासून वीतभर उंचीवर पोचे होते. सगळ्याच डब्यांना, एकाच उंचीवर. कोणी तारीख चुकवली, कोणी मशीन काढून ठेवली, कोणी देवऋष्याकडे जाऊन आलं की बाई बाहेर येऊन डब्याला लाथ घालत आणि परत आत जात. आत गेल्यावर सतरंजीवर बसत आणि बाळ त्यांच्या मांडीत. बाळं त्यांचे केस ओढत, चष्मा ओढत, एकाने दंडाला चावून रक्त काढलं होतं. तिथे त्यांचा हात कधी उठला नाही. पण आवाज मात्र तोच, मोठा, फुटक्या नगाऱ्यासारखा. चहा स्टीलच्या पेल्यात, उकळता, तीन घोटांत. बोलणं अस्सल नागपुरी. नवीन डॉक्टर मुली त्यांना भीत, त्यातही एका सवयीला फार. कोणाला काही सांगायचं असलं तर बाई मागून हाक मारत नसत. लांबून चालत येत, वळसा घालून समोर उभ्या राहत, डोळ्यांत बघत आणि मग बोलत. "अंगावर येतात हो," एक जण मला म्हणाली. मलाही तेव्हा तसंच वाटे.

त्यांच्या टेबलावर एक धोटा होता. हातमागावर आडवं सूत नेणारं लाकडी साधन, होडीसारखं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. बाई कोष्ट्यांच्या घरच्या, वडील माग चालवत, तेव्हा घरची आठवण म्हणून ठेवला असेल, असं सगळे समजत. मी एकदा वजनाचा अंदाज घ्यायला तो उचलला. बाईंनी पट्टी माझ्या बोटांवर मारली. "ठेवा खाली."

*

काच फुटली म्हणून केंद्राच्या प्रमुखांनी चौकशी बसवली. बसलेल्या पालकांपैकी साक्षीदार म्हणून माझा जबाब घेतला. मी लिहिलं की वडिलांनी मुलाला मारलं, त्यानंतर बाईंनी वडिलांना दोन चापटा मारल्या, त्यानंतर वडिलांनी बाईंना ढकलून काच फोडली. क्रम बरोबर होता. सही करण्याआधी बाईंनी कागद वाचायला मागितला.

"तीन होत्या," त्या म्हणाल्या.

"मला दोन दिसल्या."

"तिसरी हळू लागली, पण मारली. मोजणारे आहात ना? मग बरोबर मोजा. मले वाचवाले एक खाता काय?"

मी तीन केल्या. बाईंना पंधरा दिवस कामावरून दूर केलं. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. गजाननचं गाव त्यांनी शोधून काढलं होतं.

"गाडी आहे ना तुमच्याकडं? रविवारी कुहीकडं जायचं आहे."

"मी कशाला, बाई? तो माणूस..."

"मले मोजणारा पायजे. मी मोजीन तर म्हणतीन, बाई खोटं बोलते. तुम्ही माह्याविरुद्ध बी खरं लिहिलं. तुमचं मानतीन. तीन वर्षांचं होऊन राहिलं ते लेकरू. बोली बसाची वेळ असते. तिच्यातले दिवस जाऊन राहिले आणि वरून मार खाऊन राहिलं. कानाचं काही करता येते. गेलेल्या दिवसाचं काय करता?"

शेहेचाळीस किलोमीटर झाले. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत वंदनाची ती एक चप्पल, सुतळीचं बंडल आणि दोन इंची खिळा.

"खिळा कशाला?"

"लागते."

गावात धानाची मळणी चालू होती. गजाननच्या घरामागे खळं, खळ्याच्या कडेला बांबूचा मांडव, मांडवाशेजारी बैल बांधलेला. आर्यन खळ्यात पोत्यावर बसून मुरमुरे खात होता. पाठीवर दोन वळ, ताजे. बाई आधी वंदनाकडे गेल्या आणि चप्पल तिच्या पायाशी ठेवली.

"एका पायानं चालून राहिली काय वं इतके दिवस?"

वंदना हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

धानाच्या ढिगामागून गजानन आला. हातात तुतारी होती, बैल हाकायची, टोकाला लोखंडी आर लावलेली काठी. "पुन्हा आली? माह्या घरी?" बाई मागे सरकल्या नाहीत. चालत त्याच्या समोर गेल्या. त्याने तुतारी उगारली आणि मारली. बाईंनी डावा हात आडवा धरला. वाळलेला बांबू चिरावा तसा आवाज मी दहा पावलांवर ऐकला. बाई ओरडल्या नाहीत. शेजारच्या दोघांनी गजाननला धरलं. मी कुठे होतो ते सांगायला हवं: मी गाडीच्या दाराशीच होतो आणि दार अर्धं उघडं धरलेलं होतं.

"झालं?" बाई म्हणाल्या. "आता माह्यं आयक."

गजाननची म्हातारी आई मध्ये पडली. "बाई, पोट्टं आयकते. म्या सोता ताट वाजवून पाह्यलं. गरकन मान फिरवते."

"कुठं वाजवलं, आजी?"

"ह्या ओट्यावर आपटून."

"आणि पोट्टं कुठं होतं?"

"ओट्यावरच बसलं होतं ना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"आणा ते ताट."

वंदनाच्या लग्नातलं ताट होतं, नाव कोरलेलं. बाईंनी ते दगडावर पालथं घातलं. डावा हात आता खिळा धरण्याजोगा राहिला नव्हता, म्हणून मी खिळा धरला आणि बाईंनी उजव्या हाताने दगड हाणला. तीन घाव. तिसरा अर्धा माझ्या अंगठ्यावर. काठाला भोक पडलं. सुतळी ओवून ते मांडवाच्या बांबूला टांगलं, आर्यनच्या पाठीमागे, चार फुटांवर. आता ते ना जमिनीला टेकत होतं, ना ओट्याला.

"कोणी हलाचं नाही. पाय आपटाचे नाही. पोराच्या पुढं सावली पडाले नोको." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मोठ्यानं मोजा."

बाईंनी दांडकं घेतलं आणि मारलं.

"एक."

कोंबड्या खळ्याबाहेर पळाल्या. "दोन." बैलाने दावं ताणलं. "तीन." एका शेजारणीच्या कडेवरचं मूल कळवळून रडायला लागलं. आर्यनने मुरमुऱ्यातली मिरची वेचून बाजूला टाकली. मी बारापर्यंत मोजलं.

"खाण्यात ध्यान हाये त्याचं," म्हातारी म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

बाईंनी समोरून जाऊन मुरमुरे उचलून घेतले. पुन्हा दहा वेळा वाजवलं. आर्यन बैलाकडे पाहत होता. बैल का बिथरलाय ते त्याला कळत नव्हतं.

बावीस. गजाननने धरणाऱ्यांचे हात झटकले, बाईंच्या हातातलं दांडकं घेतलं आणि स्वतः मारायला लागला. "आर्यन!" ताट फिरलं, दांडकं पुन्हा त्यावर पडलं. "ए आर्यन! आर्यन बेटा!" ताटाला पोचा पडला, मग दुसरा. तो ताटाला असा मारत होता जसं ताटानेच सगळं केलं होतं. मी मोजत राहिलो, कारण त्याखेरीज मला तिथे काही करता येत नव्हतं. तीस. पस्तीस. चाळीस. एक्केचाळिसाव्या घावाला सुतळी तुटली, ताट खाली पडलं, घरंगळत गेलं आणि आर्यन बसला होता त्या पोत्याला जाऊन लागलं.

तेव्हा तो वळला.

वळून त्याने पाहिलं की बाप दांडकं उगारून उभा आहे. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि डोळे मिटले.

गजाननने हातातल्या दांडक्याकडे पाहिलं. ते टाकलं. ताट उचललं आणि स्वतःच्या कपाळावर हाणलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा काठ लागला आणि रक्त भुवईवरून खाली आलं. बाईंनी चांगल्या हाताने ताट हिसकावलं.

"बस झालं गा. तुह्यं डोकं फुटलं तर पोराले नागपूरले कोण आणन?"

"वर्षभर, बाई... रोज... मले वाटे..."

"मले माहीत आहे."

"तुमाले काय माहीत?"

बाईंनी ताट काखेत मारून गाडीत आणलं. एकोणिसावं.

*

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला परतीच्या वाटेवर मिळालं. हात सुजून पोटरीएवढा झाला होता. पुढे एक्स-रेत हाडाला चीर निघाली. बाई समोरच्या रस्त्याकडे पाहत बोलत होत्या.

"आम्ही मागाच्या खोलीतच वाढलो. बंडू माह्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. त्याले बहिरा कोणी म्हणे ना, जिद्दी म्हणत. सगळे मारत. ते चार वर्षांचं होतं, मी बारा. बाप मागावर बसला होता आणि बंडू मागच्या बाजूनं ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, ओढून राहिला होता. दिवसचे दिवस जातात तो ताणा लावाले. मी चार हाका मारल्या. पाहेच ना. माह्या हातात धोटा होता. मारला फेकून."

मी गाडी हळू केली.

"माह्या ओरडण्यानं बापानं माग थांबवला. माग थांबला की जमिनीची थरथर थांबते. ते बंडूले कळलं. म्हणून तो वळला. पाठीत लागणार होता तो डोळ्यात लागला. दवाखान्यात बापानं सांगतलं, मी मारला म्हणून. मरेपर्यंत तेच सांगतलं. अख्खी वस्ती त्याले पोराचा डोळा फोडणारा म्हणे. मी गप्प राहिली."

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, जिन्यावरून पडले. मी शेजारी उभा होतो. बाहेर आल्यावर म्हणालो, "खोटं सांगितलंत. माझ्या जबाबात तर एक चापट सोडू दिली नव्हती."

"एक खोटं माह्या बापानं सांगतलं होतं," बाई म्हणाल्या. "आज एक माह्यं."

*

गजानन तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन आला. कपाळावर पट्टी. तपासणी झाली, मशीन लागल्या, पुढे कानाचं ऑपरेशनही झालं. आमचा आणि त्यांचा वार एकच होता, मंगळवार. ऋचा सतरंजीच्या एका टोकाला, आर्यन दुसऱ्या. बाईंचा नियम होता की वडिलांनीही खाली बसायचं. गजानन पहाटेची एसटी पकडून यायचा आणि कोपऱ्यात अंग चोरून बसायचा.

कितीतरी मंगळवार आर्यन नुसते आवाज काढत होता. मग एकदा त्याच्या कानामागची मशीन सुटली आणि ती बसवायला गजाननने हात वर केला. आर्यनने डोकं दोन्ही हातांनी झाकलं आणि म्हणाला, "नोको."

स्पष्ट. दोन्ही अक्षरं. त्याच्या आयुष्यातला पहिला शब्द.

बाईंनी टाळी वाजवली, त्याला उचलून छातीशी धरलं, "बोललं! माह्यं लेकरू बोललं!" म्हणून सगळ्यांना दाखवलं. मग त्याला वंदनाकडे दिलं, बाहेर गेल्या आणि डब्याला अशी लाथ घातली की तो जिन्यावरून खालच्या लॅबपर्यंत गेला. गजानन हात तसाच अर्ध्यावर धरून बसला होता.

"हात खाली नोको घेऊ," बाई परत येऊन, त्याच्या समोर बसून म्हणाल्या. "रोज वर कर. मशीन लाव, केस विंचर, टोपी घाल. हात वर जाते आणि मार पडत नाही, हे त्याले दिसू दे. बोलणं मी शिकवीन. हे तुले शिकवा लागन."

"किती दिवस, बाई?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ते मोजतीन."

म्हणून मी मोजत असे. तासाभरात बापाचा हात वर गेला की पोर किती वेळा डोकं झाकतं. सहा. सहा. पाच. सात. सहा. चार. दोन वर्षांनी ते एकवर आलं. मग आर्यन कुहीकडे शाळेत जायला लागला, आमचा वार बदलला, आणि शून्याची नोंद माझ्याकडे नाही. त्याचं बोलणं आजही ऋचाइतकं सुटं नाही. वाक्यं लहान येतात, शेवट तुटतो. गेलेले दिवस गेलेच.

*

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. कपाटाची चावी त्यांनी पुढच्या बाईंच्या हातात ठेवली. आत तेव्हा त्रेसष्ट ताटं होती. ऋचा आता नऊ वर्षांची आहे. शाळेच्या नाट्यवाचनात तिचा दुसरा नंबर आला, तेव्हा पेढे घेऊन ती आणि मी बाईंच्या घरी गेलो. जुन्या कोष्टी वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. माग कधीच मोडला होता. त्याचे खुंटे रोवलेले खड्डे सिमेंटने बुजवलेले दिसत होते. धोटा फळीवर होता. खिडकीपाशी खुर्चीत बंडूभाऊ बसले होते. पन्नाशी ओलांडलेले, उजवा डोळा मिटलेला, कानात मशीन, मांडीवर सुपात भुईमुगाच्या शेंगा.

बाईंचे गुडघे गेले होते. आमच्याशी त्या ओरडूनच बोलत होत्या, ऋचाला म्हणाल्या, "पेढा मोठा आणाचा वं, कंजूष बापाची पोरगी!" पण बंडूभाऊंना काही सांगायचं असलं की दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उठत, खुर्चीला पूर्ण वळसा घालत, त्यांच्या चांगल्या डोळ्यासमोर जाऊन उभ्या राहत आणि मग बोलत. चहा झाला, सांगायला उठल्या. ऋचा कोण, सांगायला उठल्या. पंखा लावू का, विचारायला उठल्या. पन्नास मिनिटांत नऊ वेळा. आम्ही बसलो होतो तिथून ते चार हातांवर होते.

निघालो. गल्लीच्या तोंडाशी लक्षात आलं की हेल्मेट राहिलं. ऋचाला स्कूटरपाशी उभी करून मी परत फिरलो. दार उघडंच होतं. बाई दहाव्यांदा उठल्या होत्या. वळसा घालून बंडूभाऊंसमोर पोचल्या होत्या. त्यांच्या भुवईजवळ, त्या मिटलेल्या डोळ्याच्या वर, शेंगेचं टरफल चिकटलं होतं. बाईंनी उजवा हात वर केला.

बंडूभाऊ पेढा चघळत राहिले.